खेळाचे छायाचित्रण : हौस आणि सराव



व्याख्यानमालेच्या चालकांनी आजचा दिवस आमच्याकडे दिला तेव्हा आमची प्रथम चांगलीच तारांबळ उडाली. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यास १८७५ साली वसंत ऋतूतील व्याख्यानांचा पायंडा पाडला आणि पुढे त्याचे लोण गावोगाव पोहोचले. अशा व्यासपीठावर इतिहास, शेती, संतवाङ्मय, आरोग्य यांवर अधिकारी माणसांनी बोलावे हा रिवाज. आम्ही तर शेळगावची आणि आसपासच्या वस्त्यांवरची चार हौशी माणसे. एक शिक्षक, एक दूध डेअरीत काम करणारा आणि दोघे शेतकरी. कॅमेऱ्याने आमच्यापैकी कोणाचेही पोट भरत नाही. उलट घरातल्या माणसांचे म्हणणे विचाराल तर त्याने पोटावर पायच दिलेला आहे. चौघांच्या वतीने एकाने बोलावे असे ठरले, म्हणून ‘आम्ही’ म्हणतो. तो मोठेपणाचा ‘आम्ही’ नव्हे. जे सांगायचे ते अधिकाराने नव्हे, तर चुकांच्या भांडवलावर. आणि ते भांडवल आमच्याजवळ मुबलक आहे.

विषय असा की, खेळ चालू असताना त्याचे छायाचित्र घ्यावयाचे ते कसे, आणि मुख्य म्हणजे ते न जमणाऱ्याला जमू लागते ते कसे. लग्नातला फोटो, सत्काराचा फोटो, शेतात नव्या ट्रॅक्टरपुढे उभे राहून काढलेला फोटो, यांत समोरचा माणूस आपल्यासाठी थांबतो. खेळाडू थांबत नाही. त्याने थांबावे अशी अपेक्षाही नसते. तेथेच सगळी गंमत आहे आणि सगळी अडचणही.

पहिल्यांदा एक प्रसंग सांगतो, कारण आमची सगळी खटपट त्यापासून सुरू झाली.

काही वर्षांपूर्वी इकडच्याच एका जत्रेत कुस्त्यांचा फड होता. शेवटच्या दोन-तीन कुस्त्यांत आमच्या ओळखीच्या घरातला एक पोरगा होता. वय असेल एकोणीस. जोड त्याच्यापेक्षा अंगाने भारी. फडाभोवती माणसांचा वेढा पडलेला, हलगीचा आवाज चढलेला, सूर्य बुडायला आलेला. आम्ही चौघे चार बाजूंना कॅमेरे घेऊन बसलो होतो. पाच-सात मिनिटे नुसती झोंबाझोंबी झाली, आणि मग त्या पोराने अशी काही ढाक मारली की भारी गडी हवेत उलटा झाला आणि पाठीवर आला. माणसे उठली, फेटे उडाले, पोराला खांद्यावर घेतले.

रात्री त्याचे वडील आमच्याकडे आले. आम्ही चौघांनी आपापले फोटो उघडून पाहिले. एकाच्या फोटोत पंचाची पाठ होती. अगदी स्पष्ट, सदऱ्याची शिवण मोजता यावी इतकी. दुसऱ्याच्या फोटोत दोन तांबूस पट्टे एकमेकांत मिसळलेले होते, माणूस कोणता आणि माती कोणती ते ओळखू येत नव्हते. तिसऱ्याचा फोटो उत्तम होता, परंतु त्यात कुस्ती संपलेली होती. आणि चौथा, तोच आज आपल्यापुढे उभा आहे, त्या क्षणी मान खाली घालून आधी काढलेला फोटो कसा आला आहे ते पाहत होता.

वडील म्हणाले, “मास्तर, तुम्ही चौघं होता. एकाकडं तरी असंल की.”

आमच्याकडे नव्हता. पुढल्या पावसाळ्यात त्या पोराचा गुडघा गेला. औषधपाणी झाले, शस्त्रक्रिया झाली, पण मातीत उतरणे बंद झाले ते झालेच. आज तो चांगला कामाला लागला आहे, त्याचे वाईट काही नाही. परंतु ती ढाक त्याच्या आयुष्यात एकदाच झाली आणि तिचा पुरावा कोठेही नाही. त्याचे वडील बाजारात भेटले की अजून विचारतात, “सापडला का वो?” आम्ही नीट शोधले नसेल असे त्यांना वाटते.

तेव्हा आम्ही एकत्र बसलो आणि प्रथमच विचार केला की हे असे का झाले. प्रथम दोष अर्थात कॅमेऱ्याला दिला. मनुष्यस्वभाव आहे. नवे भिंग घ्यावे, अधिक किमतीचा कॅमेरा घ्यावा, असे दोन महिने बोलणे चालले होते. पैसे नव्हते म्हणून वाचलो. असते तर तेच चौघे अधिक महाग कॅमेऱ्याने तीच पंचाची पाठ काढत राहिले असते.

थोडा हिशोब सांगतो; तो शाळेतल्या मुलालाही करता येईल. चांगला धावणारा पोरगा सेकंदाला सात मीटर अंतर सहज कापतो. कॅमेऱ्याचे शटर सेकंदाचा साठावा भाग उघडे राहिले, तर तेवढ्या वेळात तो पोरगा सुमारे बारा सेंटिमीटर, म्हणजे अर्धी वीत पुढे गेलेला असतो. फोटोत त्याचे नाक अर्ध्या वितीवर पसरणार, मग ओळखणार कसे? तेच शटर सेकंदाचा हजारावा भाग उघडले तर तो सातच मिलिमीटर सरकतो, आणि ते डोळ्याला कळत नाही. हातपाय धडापेक्षा वेगाने हलतात, त्यांचा हिशोब आणखी निराळा. पण शटर जितका कमी वेळ उघडे, तितका प्रकाश कमी. भर दुपारी एकहजारांश सेकंद चालतो. दिवेलागणीच्या कुस्तीला भिंगाचे तोंड सताड उघडावे लागते आणि कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची शक्ती, जिला आयएसओ म्हणतात, ती वाढवावी लागते. मग फोटो दाणेदार येतो. येऊ द्यावा! आम्ही दाणे टाळण्याच्या नादात शटर मंद ठेवले आणि पैलवानांचे पट्टे काढले. दाणेदार फोटोतला चेहरा आई ओळखते, हललेल्या फोटोतला ओळखत नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची, आणि ती समजायला आम्हांस एक वर्ष लागले. डोळ्याने पाहिल्यापासून बोट दाबेपर्यंत माणसाचा सेकंदाचा चौथा-पाचवा भाग जातो. तो कोणालाही चुकत नाही. म्हणजे झेप दिसली आणि मग आपण बोट दाबले, तर झेप संपलेली असते. आरशाच्या जुन्या कॅमेऱ्यात तर फोटो निघण्याच्या क्षणी आरसा वर उचलला जातो आणि पाहण्याची खिडकी काळी होते; म्हणून जुने छायाचित्रकार म्हणत की, जे तुम्ही खिडकीतून पाहिले ते फोटोत नाही, आणि जे फोटोत आहे ते तुम्ही पाहिलेले नाही. आता आपण म्हणाल, हल्लीचे कॅमेरे सेकंदाला दहा-दहा फोटो काढतात, बोट दाबून धरले की झाले. आम्हीही असेच म्हणत होतो. परंतु दहा फोटो म्हणजे दोन फोटोंमध्ये एकदशांश सेकंदाचे अंतर, आणि तेवढ्यात तोच धावणारा पोरगा सत्तर सेंटिमीटर पुढे जातो. नेमका क्षण त्या दोन फोटोंच्या मधल्या फटीत पडू शकतो, आणि आमच्या अनुभवाने सांगतो की तो तेथेच पडतो.

मग उपाय काय? उपाय एकच, तो म्हणजे काय होणार ते आधी ओळखणे. आणि ते कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात लिहिलेले नसते.

आमच्या बैठकीत एक निवृत्त क्रीडाशिक्षक येऊ लागले. त्यांना आम्ही सर म्हणतो. सरांनी जन्मात कॅमेरा हातात धरलेला नाही. मोबाइलवर फोटो काढायचा तरी नातवाला हाक मारतात. आमचे खो-खोचे फोटो त्यांनी एका रविवारी पाहिले आणि विचारले, “तुम्ही पळणाऱ्याच्या मागे का लागता? तो कुठेही जाईल. त्याला मोकळीक आहे. बांधलेला आहे तो पाठलाग करणारा.”

आपल्यापैकी पुष्कळजण खो-खो खेळलेले आहेत, तरी सांगतो. पाटीवर आठ गडी एकाआड एक उलट दिशांना तोंड करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. पळणाऱ्याला मैदानभर मुभा आहे, तो बसलेल्यांच्या मधून वाटेल तसा निघून जातो. पण पाठलाग करणाऱ्याला मधली पाटी ओलांडता येत नाही, आणि एकदा एका खांबाकडे निघाला की त्या खांबाशी पोहोचल्याखेरीज मागे फिरता येत नाही. नाहीतर बसलेल्याला पाठीमागून खो द्यायचा आणि त्याची जागा घ्यायची. म्हणजे ज्या क्षणी तो खांबाच्या दिशेने सुटला, त्या क्षणी तो कोठे येणार हे ठरले! खांबाला एका हाताने धरून दुसऱ्या हाताने पळणाऱ्याच्या अंगावर झेपावणे, ही खो-खोतली सर्वांत देखणी गोष्ट, आणि ती कोठे घडणार ते आधी ठाऊक असते. सरांचे म्हणणे असे की खांबामागे, सीमारेषेच्या बरेच बाहेर आणि जरा एका अंगाला बसावे, भिंग खांबाच्या अंतरावर आधीच स्थिर करून ठेवावे आणि वाट पाहावी. आम्ही तसे केले. पहिल्याच दिवशी एका शाळकरी मुलीचा फोटो मिळाला : दोन्ही पाय जमिनीवरून सुटलेले, एक हात खांबावर, दुसऱ्या हाताची बोटे पुढच्या मुलीच्या वेणीपासून वीतभर अंतरावर. तोवरच्या दोन वर्षांत असा एकही फोटो आम्हांस मिळाला नव्हता. कॅमेरा तोच होता.

जाता जाता सांगतो, या खेळाचे नियम प्रथम लिहून काढले गेले ते पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात, १९१४ साली; आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस खो-खोची पहिली जागतिक स्पर्धा झाली तेव्हा भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ जिंकले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. त्या आठवड्यात आमच्याकडे मुलांची जी झुंबड उडाली! प्रत्येकाला खांबावरचा फोटो हवा. सराव आम्हांस हवा होता आणि फोटो त्यांना, तेव्हा सौदा दोन्हीकडून बरा झाला.

कबड्डीचे तसेच. चढाई करणाऱ्याचे तोंड समोरच्या संघाकडे असते. त्याचा चेहरा हवा असेल तर बचाव करणाऱ्यांच्या मागे, अंतिम रेषेच्या बाहेर बसले पाहिजे. पण त्याची पकड झाली की तो मध्यरेषेकडे वळतो आणि आपल्याकडे येते त्याची पाठ. मध्यरेषेला लागण्यासाठी ताणलेला हात, त्या हाताची बोटे, मागून पायाला लोंबकळलेले तीन गडी, हे पाहावयाचे तर मध्यरेषेच्या टोकाशी, बाजूला बसले पाहिजे. एकाच जागेवरून दोन्ही मिळत नाही. कोणते घ्यायचे ते सामना सुरू होण्यापूर्वी ठरवावे लागते आणि दुसरे सोडून द्यावे लागते. आम्हांस हे सोडून देणे फार जड गेले. सामन्याच्या मध्येच उठून पलीकडे पळत जायचे आणि पोहोचेपर्यंत अलीकडे काहीतरी होऊन जायचे, असे आम्ही एक हंगामभर केले.

कुस्तीचे आमचे फोटो एका वस्तादांना दाखवले. त्यांनी पुष्कळ वेळ पाहिले आणि म्हणाले, “ह्यात डाव कुठाय? दोन गडी मिठी मारून उभे हायती. भाऊभाऊ वाटत्यात.” आम्ही काय पाहावे असे विचारले तेव्हा म्हणाले, “हातांकडं बघत बसू नका. पाय बघा. डाव लागायच्या आधी गडी पायाची जागा बदलतो.” पट काढणारा आधी खांदा खाली टाकतो, हेही त्यांनीच दाखवले; स्वतः उठून, सत्तरीच्या वयात, अंगणात. त्यानंतर आम्ही तीन जत्रा कॅमेरा न उघडता नुसत्या कुस्त्या पाहिल्या. चौघांनी पैज लावायची : आता सुटेल, आता लागेल. प्रथम दहांत एकदा बरोबर येई. तिसऱ्या जत्रेत निम्म्या वेळा येऊ लागले. लोकांना वाटले आमचे कॅमेरे मोडले.

कुस्ती आणि कॅमेरा यांचे नाते आपल्याकडे जुने आहे, ते थोडे सांगण्याचा मोह आवरत नाही. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, हे मुंबईचे छायाचित्रकार. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला, तो पाहून यांच्या डोक्यात वेड शिरले. त्यांनी इंग्लंडहून चलच्चित्राचा कॅमेरा मागवला आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये पुंडलीकदादा आणि कृष्णा न्हावी या दोन पैलवानांची कुस्ती चित्रित केली. हिंदुस्थानी माणसाने घेतलेले ते पहिले चलच्चित्र मानले जाते. ध्यानात घ्या, देखावा नव्हे, राजवाडा नव्हे, मिरवणूक नव्हे. त्या काळातल्या मराठी माणसाला कॅमेरा मिळाला तेव्हा प्रथम त्याने खेळ धरला! पण आमच्या मनाला जी गोष्ट लागली ती वेगळी आहे. ती फीत धुण्यासाठी त्यांना विलायतेस पाठवावी लागली. आपण काढले ते आले की नाही, चुकले असेल तर कोठे चुकले, हे कळायला आगबोट जाऊन परत येईपर्यंत थांबावे लागले असणार.

आमच्या वाडवडिलांच्या काळी, बारा फोटोंच्या रोळाचा जमाना होता तेव्हा, रोळ संपेपर्यंत आणि तालुक्याला धुऊन येईपर्यंत महिना जाई. आज फोटो तत्क्षणी पडद्यावर दिसतो. ही केवढी सोय! आणि तिच्यापायीच आमच्यातल्या चौथ्याने ती ढाक गमावली. म्हणून आम्ही नियम केला आहे की सामना संपेपर्यंत पडद्याकडे पाहायचे नाही. पाहायचे ते रविवारी, सगळ्यांसमक्ष.

आता या रविवारच्या बैठकीविषयी, कारण चालकांनी मुद्दाम तेच सांगावे असे म्हटले होते. सुरुवातीला आम्ही एकमेकांचे फोटो पाहून “वा, छान” म्हणत होतो. चहा होई, लाडू होत, आणि पुढच्या रविवारी तेच फोटो पुन्हा येत. स्तुतीने आमच्यात काडीचीही सुधारणा झाली नाही. मग आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो. एकमेकांच्या फोटोंचे धिंडवडे काढू लागलो. आमच्याबरोबर तेव्हा पाचवा एक मित्र होता. हौस आमच्या सगळ्यांपेक्षा अधिक, हात थोडा कच्चा. एका रविवारी त्याने बैलगाडी शर्यतीचे फोटो आणले. प्रत्येक फोटोत बैलांची शिंगे कापली गेलेली, धुरळाच धुरळा. आमच्यातला एकजण बोलून गेला, “ह्यापेक्षा डोळे मिटून काढले असते तर बरे आले असते.” सगळे हसले. तोही हसला. पण त्यानंतर तो आला नाही. आम्ही घरी गेलो, रदबदली केली. “शेतात काम आहे” एवढेच उत्तर मिळाले. तो हल्ली भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्ष्यांचे फोटो काढतो, आणि उडणाऱ्या पक्ष्यांचे त्याचे फोटो इतके सुरेख असतात की आमची मान खाली जाते. आमच्याशी बोलतो, परंतु बैठकीचे नाव काढत नाही.

त्याच्या त्या फोटोंत खरोखर दोष काय होता, हे आम्हांस पुढे कळले. तो फार जवळ उभा होता आणि चौकट फार घट्ट धरत होता. दोन पावले मागे सरून थोडी मोकळी चौकट धरली असती तर शिंगे आली असती. एवढे एक वाक्य त्या दिवशी कोणी बोलले असते तर तो आज आमच्यात असता. पण आमच्यापैकी कोणालाच तेव्हा ते ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नसले की माणूस विनोद करतो.

आता बैठकीत पद्धत अशी आहे की, फोटो काढणाऱ्याने प्रथम तोंड उघडायचे नाही. बाकीच्यांनी फोटोत काय दिसते तेवढे सांगायचे. “मुलगी उडी मारते आहे, मागे मोटारसायकल आहे, मुलीच्या डोक्यातून विजेचा खांब निघाला आहे.” चांगले की वाईट हे बोलायचेच नाही. मग काढणाऱ्याने सांगायचे की त्याला काय दाखवायचे होते. दाखवायचे होते ते आणि दिसते ते यांत जे अंतर, त्यावरच चर्चा. आणि शेवटी एक, एकच गोष्ट पुढच्या खेपेस करून पाहण्यासाठी सांगायची. पूर्वी आम्ही एकाच फोटोवर दहा सूचना देत असू. तो बिचारा मैदानावर गेला की दहा आठवताना अकरावी चूक करी. टाकाऊ फोटो पुसायचे नाहीत, हीही अट आहे. ते सगळे एका जागी ठेवतो आणि सहा महिन्यांनी पुन्हा पाहतो. त्यांतून आपल्या चुकीची जात कळते. आमच्यात एकाचा हात नेहमी उशिरा पडतो, एकाचा नेहमी लवकर. लवकर पडणे हा आम्ही रोग समजत होतो. सर म्हणाले, तो खेळ ओळखतो, त्याला थोडे थांबायला शिकवा, उशिरा पडणाऱ्यापेक्षा तो पुढे आहे. आणि तसेच झाले.

सरावासाठी स्पर्धेची वाट पाहण्याची गरज नाही. उन्हाळ्यात नीरा डाव्या कालव्याला पाणी सुटले की पोरे पुलावरून उड्या टाकतात. उडी वर जाऊन थबकते आणि मग खाली येते. त्या थबकण्याच्या क्षणी अंग जवळजवळ स्थिर असते, तेथे मंद शटरही चालते. हे तेथे शिकलो आणि कबड्डीत वापरले. बारामती-इंदापूर रस्त्याच्या कडेला सुरक्षित अंतरावर उभे राहून मोटारसायकलींवर एक निराळा अभ्यास करतो. शटर मुद्दाम मंद, सेकंदाचा तिसावा किंवा साठावा भाग, आणि गाडीबरोबर कमरेतून अंग फिरवत फोटो घ्यायचा. गाडी स्पष्ट येते आणि मागची झाडे, ऊस, पाट्या यांच्या रेघा होतात. वेग दिसतो. शंभरात दोन-तीन साधतात. रस्त्यावरच्या लोकांना वाटते आम्ही पोलिसांचे आहोत. सगळे हेल्मेट चाचपतात.

ज्यांच्याजवळ केवळ मोबाइल आहे त्यांनी हिरमुसू नये. उजेड भरपूर असेल, जवळ जाता येत असेल, तर मोबाइल पुष्कळ काम देतो. त्याची एक खोड मात्र ध्यानात ठेवावी. तो चित्र एकदम घेत नाही, ओळीमागून ओळ असे वाचत जातो. म्हणून वेगाने फिरणारी बॅट वाकडी दिसते, पंख्याची पाती केळीच्या पानासारखी वळलेली येतात. तो खेळाडूचा दोष नव्हे आणि तुमचाही नव्हे.

आता बेलवाडीच्या रिंगणाबद्दल. तुकोबारायांची पालखी काटेवाडी, सणसर करीत बेलवाडीला येते तेव्हा तेथे गोल रिंगण होते. मग अंथुर्णे, शेळगाव, निमगाव केतकी असा सोहळा इंदापूरला जातो. रिंगण ही क्रीडास्पर्धा नव्हे, ती भक्ती आहे, हे आम्ही जाणतो, आणि तेथे कॅमेरा घेऊन वारकऱ्यांच्या पुढे पुढे करणाऱ्यांचा आम्हांस रागही येतो. पण धावता घोडा पाहावयाचा तर यासारखी दुसरी जागा आमच्या पंचक्रोशीत नाही. घोडा धावताना चारही पाय एकदम जमिनीवरून सुटतात की नाही, यावर अमेरिकेत एके काळी मोठा खल झाला होता. १८७८ साली मायब्रिज नावाच्या छायाचित्रकाराने कॅलिफोर्नियात पालो आल्टो येथे घोड्याच्या वाटेवर बारा कॅमेरे ओळीने मांडून त्याचा निकाल लावला. पाय सुटतात, परंतु चित्रकार काढीत तसे पुढे-मागे ताणलेले असताना नव्हे, तर चारही पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. हजारो वर्षे घोडे पाहणाऱ्या माणसाला ते दिसले नव्हते! आम्ही तीन वर्षे बेलवाडीला तोच क्षण शोधला. पहिल्या वर्षी पाऊस. दुसऱ्या वर्षी पताका आडवी आली. तिसऱ्या वर्षी एक फोटो मिळाला, त्यात अश्वाचे चारही खूर मातीवर आणि मातीत त्यांच्या सावल्या वेगळ्या दिसतात. तो कोणी काढला हे महत्त्वाचे नाही असे म्हणण्याची रीत आहे, पण तो लवकर हात पडणाऱ्याने काढला, हे सांगितलेच पाहिजे.

एक सूचना कळकळीची. बैलगाडी शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली होती, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा ग्राह्य धरला. तेव्हापासून मैदाने पुन्हा भरू लागली आणि धावपट्टीच्या कडेला मोबाइल घेऊन वाकलेली पोरेही वाढली. भिंगातून पाहणाऱ्याला अंतर कळत नाही. बैल दूर आहेत असे वाटते आणि ते अंगावर आलेले असतात. आमच्यातला एकजण असाच वाचला. कोणीतरी गचांडी धरून मागे ओढले. म्हणून आता दोघांनी मिळून जायचे, एकाने फोटो घ्यायचा आणि दुसऱ्याने नुसते पाहायचे. त्या दुसऱ्याचा फोटो बुडतो. बुडू द्यावा.

गेल्या वर्षी एका जत्रेत, दिवेलागणीलाच, पुन्हा एक ढाक लागली. पोरगा दुसरा, गाव दुसरे. आम्ही चौघे चार कोपऱ्यांत होतो, पाय पाहत होतो. चौघांपैकी दोघांना मिळाली. एकात वरचा गडी पूर्ण उलटा, पाय आभाळाकडे, मातीचे कण हवेत, आणि खालच्याचे दात आवळलेले. दाणेदार आहे, पण आहे.

तो फोटो घेऊन आम्ही त्या पहिल्या पोराच्या घरी गेलो. का गेलो ते नीट सांगता येणार नाही. वडिलांनी चष्मा लावून पाहिला, मुलाला हाक मारली. मुलगा आला, त्याने फोटो हातात घेतला आणि म्हणाला, “ह्याचा डावा पाय जरा मागं राहिलाय. माझा नव्हता राहिला.” मग ओट्यावरून खाली उतरला आणि दुखरा गुडघा सांभाळत, वडिलांचा हात धरून, त्याचा पाय कोठे होता ते त्याने आम्हांस दाखवले.

आता मागच्या मंडळींनी दिवे मालवावेत. पडद्यावर एकूण चाळीस फोटो दाखवायचे आहेत. पहिला आहे तो पंचाच्या पाठीचा.